वळणावरची शंभर यार्डांची शर्यत

हिंदुस्थानचा संघ ऑलिम्पिक स्पर्धांत पहिल्यांदा उतरला तो १९२० साली, बेल्जियममधील अँटवर्प शहरी. आणि त्या संघाची जुळवाजुळव सरकारी दरबारात किंवा मैदानी खेळांत तोवर आघाडीवर असलेल्या कलकत्त्यात न होता पुण्यात झाली, ही गोष्ट मराठी वाचकांच्या स्मरणात फारशी उरलेली नाही. सहा जणांच्या त्या संघात कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे दोन मल्ल होते आणि बाकीचे चौघे धावपटू होते. फडेप्पा चौगुले बेळगावचे, सदाशिव दातार साताऱ्याचे, कैकिणी हुबळीकडचे आणि पूर्मा बॅनर्जी बंगालचे. चौगुले आणि दातार मॅरेथॉनसाठी, म्हणजे बेचाळीस किलोमीटरांच्या आसपासच्या दौडीसाठी निवडले गेले होते. १०० मीटरची शर्यत मात्र बॅनर्जी यांच्या वाट्याला आली. म्हणजे ज्या मराठी-कानडी मुलखाने या संघाची कल्पना काढली, पदरमोड केली आणि माणसेही दिली, त्या मुलखाकडे लांब पल्ल्याचे धावपटू होते, अतिवेगाने थोडे अंतर तोडणारा मात्र बाहेरून आणावा लागला. पुढची निदान तीस वर्षे मराठी मुलखातील धावण्याची रड हीच राहिली, आणि तिची कारणे माणसांच्या पायांत शोधण्यापेक्षा मैदानांत, महाविद्यालयांत आणि आश्रयदात्यांच्या आवडीनिवडींत शोधावी लागतात.

लघु पल्ल्याची शर्यत, जिला खेळाडू सर्रास स्प्रिंट म्हणतात, ती १००, २०० किंवा फार तर ४०० मीटरांची असते, आणि तिच्यात धावपटू पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत आपली सारी ताकद ओततो. १०० मीटरची शर्यत दहा-अकरा सेकंदांत आटोपते, त्यामुळे झालेली चूक सुधारायला तिच्यात वेळच नसतो. त्या काळी घड्याळे सेकंदाचा पाचवा भाग मोजत, आणि तेवढ्या अवधीत चांगला धावपटू पावणेदोन ते दोन मीटर पुढे सरकतो, एवढ्यावरून अंदाज यावा. अशा शर्यतीसाठी सपाट आणि मोजलेली जमीन लागते, प्रत्येकासाठी आखलेली स्वतंत्र मार्गिका म्हणजे लेन लागते, इशाऱ्याचे पिस्तूल लागते, काट्यांचे बूट लागतात आणि घड्याळ धरणारा जाणता माणूस लागतो. ओणवे राहून सुटण्याची रीत रूढ झाल्यावर धावपटू पाय रोवण्यासाठी छोट्या खुरप्याने जमिनीत खड्डे करीत; पाय टेकवायचे ठोकळे अमेरिकेत १९२० च्या दशकाच्या अखेरीस तयार झाले आणि ऑलिम्पिकमध्ये त्यांना मुभा मिळाली ती थेट १९४८ मध्ये. लांब पल्ल्याच्या धावपटूला यातले फारसे काही लागत नाही. गावोगावच्या वाटा, शेतातले काम आणि रोजची पायपीट यांनी त्याची छाती आणि पोटऱ्या आपसूक तयार होतात, आणि आपण दमदार आहोत हे त्याला घड्याळाशिवायही कळते. आपण वेगवान आहोत हे मात्र कोणी मोजून सांगितल्याशिवाय माणसाला नीट कळत नाही.

पुण्यात हे मोजणे ज्या संस्थेने मनावर घेतले ती डेक्कन जिमखाना १९०६ साली बाळकृष्ण नारायण भाजेकर यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. तो काळ स्वदेशीचा होता, तालमी-आखाड्यांचे शहरात प्रस्थ होते, आणि गोऱ्यांच्या जिमखान्यांना तोडीस तोड अशी आपली संस्था असावी ही भावना सुशिक्षित वर्गात बळावली होती. देशी खेळांना नियमांच्या चौकटीत बसवण्याचे कामही याच शहरात चालू होते. खो-खोचे नियम १९१४ च्या सुमारास इथेच लेखी झाले, आणि आट्यापाट्यांनाही अशीच शिस्त लावण्यात आली. मराठी माणसाच्या वेगाची खरी जागा या दोन खेळांत होती. खो-खोत पळणारा दोन खांबांच्या मधल्या रांगेतून नागमोडी निघतो, पाठलाग करणाऱ्याला हुलकावणी देतो, चार पावलांत पूर्ण वेग घेतो आणि पाचव्या पावलाला दिशा बदलतो. आट्यापाट्यांत पाटी ओलांडणाऱ्याचे तसेच. एवढा चपळ वेग जगातल्या फार थोड्या खेळांत पाहायला मिळतो; पण तो सरळ रेषेत नसतो आणि घड्याळाने मोजला जात नाही. गडी किती वेळ बाद न होता टिकला हे पाहिले जाते, त्याने अमुक यार्ड किती सेकंदांत कापले हे कोणी विचारत नाही.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली तर १९१९ च्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत जे घडले त्याचे नवल वाटत नाही. जिमखान्याचे अध्यक्षपद तेव्हा सर दोराबजी टाटा यांच्याकडे होते. जमशेटजी टाटांचे हे थोरले चिरंजीव केंब्रिजमध्ये शिकलेले, तिथल्या मैदानी खेळांशी परिचित आणि इंग्लंडमधील क्रीडासंस्थांच्या कारभाराची माहिती असलेले. या स्पर्धांविषयी त्यांनी पुढे, १९२९ साली, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अध्यक्षांना पत्राने सविस्तर कळवले, आणि हिंदुस्थानच्या ऑलिम्पिक इतिहासाच्या आरंभाचा तो पत्रव्यवहार हा मुख्य आधार मानला जातो. स्पर्धक बहुतेक शेतकऱ्यांची मुले होती, साध्या अन्नावर पोसलेली होती, युरोपीय नियमांची किंवा आधुनिक सरावाची त्यांना ओळख नव्हती, असे त्यांनी नोंदवले आहे. आयोजकांनी १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे साडेएक्क्याण्णव मीटरांच्या, प्राथमिक फेऱ्या चक्क वळणावरून आणि मार्गिकांच्या दोऱ्या न बांधता घ्यायचे ठरवले होते, कारण मैदान लहान होते आणि धावण्याची जागा म्हणजे न दाबलेल्या, खडबडीत गवताळ जमिनीचा एक भाग होता.

केंब्रिजच्या मैदानावर वावरलेल्या माणसाला हे पाहून काय वाटले असेल याची कल्पना करता येते. वळणावर स्वतंत्र मार्गिका नसतील तर प्रत्येक धावपटू आतल्या कडेकडे झेपावतो, कारण बाहेरच्या बाजूने धावणाऱ्याला जास्त अंतर पडते; सव्वा मीटर रुंदीच्या दोन शेजारच्या मार्गिकांत पूर्ण अर्धवर्तुळावर हा फरक पावणेचार मीटरांहून अधिक भरतो. शंभर यार्डांत पावणेचार मीटर म्हणजे पहिला आणि शेवटचा यांतले अंतर. मग शर्यत पायांची न राहता कोपरांची होते, आणि जो निकाल लागतो त्यावरून कोण सर्वांत वेगवान हे सांगता येत नाही. खो-खोत वाढलेल्या मुलाला वळणाचे काहीच वाटले नसणार. आयोजकांनाही त्यात वावगे दिसले नाही. दोष द्यायचा तर तो जमिनीच्या तुकड्याला द्यावा लागतो. अख्ख्या पुण्यात देशी संस्थेच्या ताब्यात सरळ, सपाट आणि मोजलेली शंभर यार्डांची पट्टी नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

त्या दिवशीच्या बघ्यांना तर शंभर यार्डांचे काही सोयरसुतकही नव्हते. त्यांचे लक्ष होते लांब दौडीकडे, जी शेतकरी गडी अनवाणी, खडीच्या आणि मातीच्या रस्त्यांवरून पंचवीस मैलांच्या आसपास धावत. या दौडीतल्या आणि इतर लांब पल्ल्याच्या शर्यतींतल्या काहींच्या वेळा युरोप-अमेरिकेतल्या वेळांच्या जवळ जाणाऱ्या आहेत, हे टाटांनी ताडले. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड या स्पर्धांना आले असता टाटांनी अँटवर्पला संघ पाठवण्याची कल्पना त्यांच्यापुढे मांडली, ब्रिटिश ऑलिम्पिक समितीच्या मध्यस्थीने आंतरराष्ट्रीय समितीची संमती मिळवली, आणि १९२० च्या आरंभी हिंदुस्थानला स्वतंत्रपणे संघ उतरवण्याची मुभा मिळाली. देश परतंत्र असताना त्याचा संघ त्याच्याच नावाने उतरावा ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. पुण्यातच निवड चाचण्या झाल्या, वर्गणी गोळा झाली, सरकारने थोडा हात लावला आणि मोठा वाटा खुद्द टाटांनी उचलला. सोहराब भूत आणि डॉ. फैजी हे व्यवस्थापक म्हणून बरोबर गेले.

अँटवर्पच्या स्पर्धा पहिल्या महायुद्धानंतर लगेच भरल्या, आणि पाच कड्यांचा ऑलिम्पिक ध्वज व खेळाडूंची शपथ या दोन्ही गोष्टी तिथेच पहिल्यांदा दिसल्या. हिंदुस्थानच्या पथकाचा झेंडा घेऊन बॅनर्जी चालले. १०० आणि ४०० मीटर या दोन्ही शर्यतींत ते पहिल्याच फेरीत बाद झाले. चौगुले यांनी मात्र मॅरेथॉन पुरी केली आणि २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावा क्रमांक मिळवला. अँटवर्पची मॅरेथॉन आजच्यापेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरांची होती, आणि पहिला आलेला फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन त्यांच्यापेक्षा अठरा मिनिटे आधी पोहोचला होता, हे लक्षात घेतले तर बुटांची सवय नसलेल्या बेळगावच्या तरुणाची ही कामगिरी उजवी ठरते. दातार यांना दौड अर्ध्यात सोडावी लागली. फेदरवेट गटात रणधीर शिंदे कांस्यपदकाच्या कुस्तीपर्यंत जाऊन हरले. ते पदक मिळाले असते तर मराठी माणसाचे पहिले ऑलिम्पिक पदक बत्तीस वर्षे आधीच नोंदले गेले असते.

त्या वर्षीच्या धावण्याच्या शर्यतींतल्या विजेत्यांची यादी कोण कुठून आले या दृष्टीने पाहिली की एक गोष्ट उठून दिसते. १०० मीटर जिंकणारा चार्ली पॅडॉक दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा विद्यार्थी होता. २०० मीटर जिंकणारा ॲलन वुडरिंग सिरॅक्यूज विद्यापीठाचा. तो उसने घेतलेले काट्यांचे बूट घालून धावला होता. ४०० मीटर जिंकणारा दक्षिण आफ्रिकेचा बेव्हिल रड ऑक्सफर्डचा. चार वर्षांनी पॅरिसमध्ये १०० मीटर जिंकणारा हॅरल्ड अब्राहम्स केंब्रिजचा होता आणि ४०० मीटर जिंकणारा एरिक लिडेल एडिंबरा विद्यापीठाचा. याउलट कोलेहमाइनेन हा गवंडीकाम करणारा माणूस, आणि १९२८ मध्ये मॅरेथॉन जिंकणारा फ्रान्सचा एल वाफी मोटार कारखान्यातला कामगार. लांब दौड कष्टकऱ्याच्या आवाक्यातली आणि आखूड शर्यत विद्यार्थ्याची, अशी ही वाटणी सगळ्या जगात होती, कारण मोजलेला, कोळशाची भाजलेली खर दाबून केलेला धावमार्ग, म्हणजे सिंडर ट्रॅक, प्रशिक्षक आणि दुपारचा मोकळा वेळ या तिन्ही गोष्टी एकत्र मिळण्याची जागा म्हणजे महाविद्यालय. पुण्याच्या वाट्याला बंगालचा धावपटू यावा याचाही उलगडा इथेच होतो. कलकत्त्यात युरोपीय आणि अँग्लो-इंडियन शाळा-महाविद्यालयांच्या क्रीडास्पर्धा एकोणिसाव्या शतकापासून नियमित भरत. तिथल्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेला नॉर्मन प्रिचर्ड १८९४ पासून सलग सात वर्षे बंगालच्या १०० यार्डांचा विजेता राहिला आणि १९०० साली पॅरिसला जाऊन २०० मीटर व २०० मीटर अडथळा शर्यतीत दुसरा आला. तो कोणत्या देशाचा मानावा हा वाद अजून मिटलेला नाही. कलकत्त्याच्या मैदानाने त्याला घडवले हे मात्र निर्विवाद आहे.

अँटवर्पनंतरची दहा वर्षे संघटनेची होती, आणि ती थोडक्यात सांगता येतात. वायएमसीए या संस्थेचे अमेरिकन व्यायामशिक्षक, मद्रासला १९२० साली शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढणारे हॅरी क्रो बक आणि त्यांचे सहकारी डॉ. नोरेन यांनी टाटांना साथ दिली, प्रांतोप्रांती ऑलिम्पिक संघटना उभ्या राहिल्या, आणि फेब्रुवारी १९२४ मध्ये दिल्लीत अखिल भारतीय ऑलिम्पिक स्पर्धा भरल्या, ज्यांतून पुढे राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा जन्माला आल्या. त्याच वर्षी पॅरिसला गेलेल्या संघात लघु पल्ल्यासाठी बंगालचा जेम्स हॉल होता आणि अडथळा शर्यतीसाठी मद्रासचे सी. के. लक्ष्मणन, जे पुढे डॉक्टर म्हणून भारताच्या आरोग्य सेवांच्या महासंचालकपदी पोहोचले. १९२७ मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटना स्थापन झाली, टाटा तिचे पहिले अध्यक्ष झाले आणि पुढल्याच वर्षी ती धुरा पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्याकडे गेली. त्याबरोबर भारतीय धावण्याचे केंद्र पुण्याकडून पंजाबकडे सरकले, आणि पतियाळाचा आश्रय पुढे अनेक धावपटूंना लाभला.

हा आश्रयाचा मुद्दा मराठी संस्थानांना लावून पाहिला की इंदूरचे उदाहरण विशेष बोलके ठरते. होळकरांचे इंदूर हे खेळांवर जीव टाकणारे शहर होते. नागपूरचे सी. के. नायडू १९२३ मध्ये होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून इंदूरला आले, संस्थानच्या फौजेत त्यांना हुद्दा मिळाला, आणि १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटी सामन्याचे नेतृत्व त्यांनी केले. इंदूरमध्ये जन्मलेले मुश्ताक अली त्यांच्याच तालमीत तयार झाले आणि १९३६ मध्ये मँचेस्टरला ११२ धावा काढून परदेशी भूमीवर कसोटी शतक ठोकणारे पहिले भारतीय ठरले. यशवंतराव होळकरांच्या कारकिर्दीत उभ्या राहिलेल्या होळकर संघाने १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत दहा वेळा रणजी करंडकाचा अंतिम सामना गाठला आणि चार वेळा तो करंडक जिंकला. शेजारच्या महू छावणीने हॉकीला किशनलाल दिले, जे १९४८ च्या सुवर्णपदक विजेत्या ऑलिम्पिक संघाचे कर्णधार होते, आणि शंकर लक्ष्मण दिले, जे मराठा लाइट इन्फंट्रीत भरती होऊन तीन ऑलिम्पिकमध्ये भारताचे गोलरक्षक झाले आणि दोन सुवर्ण व एक रौप्यपदक घेऊन परतले.

माळव्याच्या या एका जिल्ह्याने एवढे खेळाडू दिले, मात्र अतिवेगाच्या धावपटूला इथे नायडूंसारखा गुरू किंवा दरबारासारखा पाठीराखा मिळाला नाही. इंदूरमध्ये ख्रिश्चन कॉलेज १८८७ पासून आणि होळकर कॉलेज १८९१ पासून होते, म्हणजे विद्यार्थी होते आणि मैदानेही होती. वरची पायरी मात्र दूर होती. महाविद्यालयीन खेळाडूची वाट ठरलेली असते: महाविद्यालयाच्या वार्षिक स्पर्धेतून विद्यापीठाच्या संघात, तिथून आंतरविद्यापीठ स्पर्धेत, तिथून राष्ट्रीय स्पर्धेत आणि जमले तर परदेशी. इंदूरची महाविद्यालये स्वातंत्र्यापूर्वी दूरच्या आग्रा विद्यापीठाशी जोडलेली होती, १९५७ नंतर उज्जैनच्या विक्रम विद्यापीठाशी, आणि शहराचे स्वतःचे विद्यापीठ, जे आज देवी अहिल्या विद्यापीठ म्हणून ओळखले जाते, ते १९६४ मध्ये आले. क्रिकेटपटूला या वाटेची गरज नव्हती, कारण दरबार त्याला थेट संघात घेत होता. मल्लाला ती नव्हती, कारण आखाडा आणि जंगी कुस्ती त्याचे नाव गावोगाव नेत होती. शंभर मीटर धावणाऱ्याजवळ दुसरी वाट नव्हती. तिकीट लावून दोन दिवस बघायला मिळतो तो क्रिकेटचा सामना, आणि अकरा सेकंदांत संपणाऱ्या शर्यतीने कोणत्याही संस्थानिकाची शोभा वाढत नव्हती, हे व्यवहारी कारणही त्यात होतेच.

वऱ्हाडात अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून देशी व्यायामाचे मोठे काम करीत होते आणि १९३६ मध्ये त्याचे पथक बर्लिन ऑलिम्पिकच्या निमित्ताने देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आले. परंतु त्याचा भर मल्लखांब, कबड्डी, सांघिक कवायती यांवर होता. महाविद्यालय पाठीशी उभे राहिले तर काय घडते याचा मराठी मुलखातला दाखला धावण्यात न सापडता कुस्तीत सापडतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत होते. १९४८ मध्ये कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने लंडनला जाऊन ते सहावे आले, आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कमी पडले तेव्हा राजाराम कॉलेजचे माजी प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. कांस्यपदक आले. एका प्राचार्याने घर गहाण टाकावे तेव्हा कुठे वाट खुली व्हावी, यातून त्या वाटेची अवस्था कळते.

धावण्यात ही कोंडी फुटली ती मुंबईत. शहरातील ख्रिस्ती आणि पारशी समाजाच्या शाळा, जिमखाने आणि रेल्वेची क्रीडा मंडळे यांनी एकत्रितपणे जे केले ते पुण्याच्या वळणावर होणे शक्य नव्हते. मार्च १९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा भरल्या, त्यांत मुंबईचा लेव्ही पिंटो १०० मीटर १०.८ सेकंदांत आणि २०० मीटर २२ सेकंदांत जिंकून आशियातील सर्वांत वेगवान धावपटू ठरला. १०.८ ही वेळ म्हणजे एकतीस वर्षांपूर्वी अँटवर्पमध्ये पॅडॉकला सुवर्णपदक देणारीच वेळ. जग मात्र तोवर पुढे गेले होते: पुढल्या वर्षी हेलसिंकीत १०० मीटरच्या अंतिम फेरीत पहिल्या चौघांचीही वेळ १०.४ नोंदली गेली आणि विजेता ठरवायला छायाचित्र पाहावे लागले. पिंटो तिथे दोन्ही शर्यतींत धावला, अंतिम फेरी त्याच्यापासून लांब राहिली. दिल्लीत पारशी समाजातील रोशन मिस्त्री यांनी महिलांच्या १०० मीटरमध्ये रौप्यपदक मिळवले, आणि वांद्र्याच्या मेरी डिसूझा यांनी २०० मीटरमध्ये कांस्य. मेरी डिसूझा आणि बंगालच्या नीलिमा घोष या हेलसिंकीला ऑलिम्पिकच्या धावमार्गावर उतरलेल्या पहिल्या भारतीय स्त्रिया. मेरी यांच्या प्रवासखर्चासाठी मुंबईत पैसे गोळा करावे लागले होते. १९५४ मध्ये मनिलाच्या आशियाई स्पर्धेत त्यांचा समावेश असलेल्या चौघींनी ४ x १०० मीटर रिलेचे सुवर्णपदक आणले. रिले म्हणजे चार धावपटूंनी हातातील दंडुका एकमेकांकडे देत पुरी करायची शर्यत. त्या मनिलाच्या संघात मूळच्या गोव्याच्या, पुण्यात वाढलेल्या स्टेफी डिसूझाही होत्या, ज्या दहा वर्षांनी टोकियो ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटर धावल्या.

त्यानंतर भारतीय धावण्याने जी नावे मिळवली ती मुख्यतः महाविद्यालयाबाहेरच्या संस्थांनी दिली. मिल्खासिंग यांना सैन्याने घडवले आणि १९६० मध्ये रोमला ४०० मीटरमध्ये ते चौथे आले, पी. टी. उषा यांना केरळ सरकारच्या क्रीडा वसतिगृहाने घडवले आणि १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला ४०० मीटर अडथळा शर्यतीत सेकंदाच्या शंभराव्या भागाने त्यांचे कांस्य हुकले. रबरासारख्या कृत्रिम पृष्ठभागाचा धावमार्ग, ज्याला सिंथेटिक ट्रॅक म्हणतात, ऑलिम्पिकमध्ये १९६८ पासून वापरात होता. दिल्लीला तो १९८२ च्या आशियाई स्पर्धांमुळे मिळाला, आणि पुण्याला बालेवाडीचे क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांमुळे. डेक्कन जिमखान्याच्या खडबडीत गवतापासून तिथे पोहोचायला पाऊणशे वर्षे लागली, आणि अंतर जेमतेम दहा-बारा किलोमीटरांचे आहे.

महाविद्यालयीन पायरी भारतात अलीकडे पुन्हा उपयोगी पडू लागली आहे. भुवनेश्वरच्या एका खासगी विद्यापीठाची विद्यार्थिनी असलेल्या द्युती चंद हिने जुलै २०१९ मध्ये नेपल्स येथील जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०० मीटर ११.३२ सेकंदांत जिंकली, आणि त्या स्पर्धेत १०० मीटरचे सुवर्णपदक मिळवणारी ती पहिली भारतीय ठरली. तिच्यामागे वसतिगृह, शुल्कमाफी, प्रशिक्षक आणि धावमार्ग या गोष्टी विद्यापीठाने उभ्या केल्या होत्या. शंभर वर्षांपूर्वी पॅडॉकच्या विद्यापीठाने त्याच्यासाठी जे केले ते हेच. महाराष्ट्रात आणि माळव्यात विद्यापीठांची संख्या आज मोठी आहे, आंतरविद्यापीठ स्पर्धा दरवर्षी भरतात, आणि तरी या भागातील बहुसंख्य महाविद्यालयांत मुले-मुली अजूनही चुन्याने आखलेल्या मातीवर सराव करतात. पूर्मा बॅनर्जी यांच्या धावेपासून २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकपर्यंत १०० मीटरच्या अंतिम फेरीत एकाही भारतीय पुरुषाने किंवा स्त्रीने पाऊल ठेवलेले नाही.